जिममधल्या क्रिएटिनच्या डब्यामागे दोनदा मॅट्रिक नापास झालेल्या एका तेलुगू पोराचं डोकं आहे

जिम लावली की पहिल्या आठवड्यातच दोन प्रश्न कानावर पडतात. प्रोटीन घेतोस का? आणि क्रिएटिन चालू केलंस का? ट्रेनर सांगतो, रोज तीन ते पाच ग्रॅम पाण्यातून घ्यायचं, ताकद वाढते. आपण डबा आणतो, पावडर घोळतो आणि पितो. ही पावडर स्नायूत जाऊन नेमकं काय करते, हे मात्र ना ट्रेनर सांगतो ना डब्यावरचं लेबल.

जवळपास शंभर वर्षांपूर्वी हे जगाला दाखवून देणाऱ्या दोन माणसांपैकी एक जण आपल्या इथला होता. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे त्यांचं नाव. स्नायूंना ताकद कुठून मिळते याचं कोडं सोडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे कॅन्सरच्या औषधापासून हत्तीरोगाच्या गोळीपर्यंत अनेक औषधांमागे त्यांची टीम उभी राहिली. तरी शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव क्वचितच सापडतं.

तर त्यांचीच ही गोष्ट.

केळी विकून श्रीमंत व्हायचा प्लॅन

१२ जानेवारी १८९५. तेव्हाच्या मद्रास प्रांतातलं आणि आजच्या आंध्र प्रदेशातलं भीमवरम. तिथल्या एका गरीब तेलुगू कुटुंबात सुब्बाराव जन्मले. घरात खाणारी तोंडं बरीच आणि पैशांची कायम ओढाताण. अभ्यासात पोराचं लक्ष नव्हतं.

असं सांगतात, की तेरा वर्षांचा असताना हा पोरगा घरातून पळाला. डोक्यात प्लॅन असा होता, की काशीला जायचं, यात्रेकरूंना केळी विकायची आणि भरपूर पैसा कमवायचा. घरच्यांनी त्याला वाटेतूनच परत आणलं आणि आईने पुन्हा शाळेत बसवलं.

शाळेतही गाडी रुळावर नव्हती. घरात जवळच्या माणसांचे मृत्यू होत होते. मॅट्रिकला पोरगा एकदा नापास झाला, दुसऱ्यांदाही झाला. शेवटी मद्रासच्या हिंदू हायस्कूलमधून तिसऱ्या प्रयत्नात तो पास झाला.

पुढे मन वळलं अध्यात्माकडे. रामकृष्ण मिशनमध्ये जाऊन संन्यास घ्यायचा विचार पक्का होत आला होता, पण आई काही केल्या परवानगी देईना. मग मधला मार्ग निघाला. डॉक्टर व्हायचं आणि लोकांची सेवा करायची. सुब्बाराव मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाले.

खादीच्या कोटाने डिग्री हुकली

तो काळ गांधीजींच्या हाकेचा होता. विलायती कापड टाकून खादी घालायचं वारं देशभर होतं. सुब्बारावांनी ऑपरेशनच्या वेळी घालायचा कोटही खादीचाच घातला. सर्जरीचे इंग्रज प्राध्यापक ब्रॅडफिल्ड यांना ते अजिबात रुचलं नाही.

याचा हिशेब निकालात चुकता झाला. सुब्बारावांना एमबीबीएसची पूर्ण पदवी मिळाली नाही. हातात पडलं ते एलएमएस, म्हणजे खालच्या दर्जाचं प्रमाणपत्र. त्या कागदावर सरकारी वैद्यकीय सेवेत जागा मिळणं अवघड होतं. मग ते मद्रासच्या एका आयुर्वेद कॉलेजात शिकवायला लागले.

याच वर्षांत घरावर आणखी मोठा घाव बसला. त्यांचे दोन भाऊ थोड्याच काळाच्या अंतराने गेले. आजाराचं नाव होतं ट्रॉपिकल स्प्रू. यात आतड्यांना अन्नातलं सत्त्व शोषून घेता येत नाही. सतत जुलाब होतात, रक्त कमी होतं आणि माणूस खात असूनही वाळत जातो. तेव्हा यावर खात्रीचा इलाज नव्हता. पुढे स्वतः सुब्बारावांनाही हा आजार झाला. ते वाचले.

डॉक्टर असूनही भावांसाठी आपण काही करू शकलो नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली असणार. कारण यानंतर त्यांनी ठरवलं की परदेशात जायचं आणि संशोधन शिकायचं. लग्न होऊन फार वर्षं झाली नव्हती. प्रवासाच्या खर्चाला सासऱ्यांनी हातभार लावला, एका धर्मादाय संस्थेनेही मदत केली. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सुब्बाराव अमेरिकेत बोस्टनला पोहोचले.

पत्नी शेषगिरी भारतातच राहिल्या. पुढे मुलगा झाला, पण तो वर्षभरही जगला नाही. बापाने त्याला कधी पाहिलंच नाही.

बोस्टनमध्ये दिवसा लॅब, रात्री हॉस्पिटल

हार्वर्डमध्ये उष्ण कटिबंधातल्या आजारांचा डिप्लोमा करताना खिशात पैसे नव्हते. भारतातल्या प्रमाणपत्रावर अमेरिकेत डॉक्टरकी करता येत नव्हती. मग हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीला पडेल ते काम करायचं आणि दिवसा शिकायचं, असं चालू झालं.

डिप्लोमा संपल्यावर ते हार्वर्डच्याच बायोकेमिस्ट्री विभागात सायरस फिस्क यांच्याकडे काम करू लागले. फिस्क यांना फॉस्फरसमध्ये रस होता. शरीरातला बहुतेक फॉस्फरस हाडांत असतो. पण रक्तात आणि मांसात जो थोडा असतो, तो तिथे काय करतो? हे कळायला आधी तो अचूक मोजता यायला हवा होता, आणि तशी सोपी पद्धत तेव्हा नव्हती.

दोघांनी ती शोधली. नमुन्यातली प्रथिनं बाजूला काढायची, उरलेल्या द्रावात मॉलिब्डेट नावाचा क्षार आणि आणखी एक रसायन घालायचं. फॉस्फेट असेल तर द्राव निळा होतो. जितका गडद निळा, तितकं फॉस्फेट जास्त. १९२५ मध्ये ही पद्धत छापून आली आणि फिस्क-सुब्बाराव पद्धत म्हणून जगभरच्या लॅबमध्ये पोहोचली. बायोकेमिस्ट्रीच्या विद्यार्थ्यांना हे जोडनाव पुढची कित्येक दशकं तोंडपाठ होतं.

खरी गंमत मात्र पुढे आहे.

निळा रंग उशिरा का येतोय?

रक्ताच्या नमुन्यात निळा रंग लगेच यायचा. स्नायूंचा नमुना घेतला की रंग हळूहळू गडद होत राहायचा. हाताची चूक म्हणून दुसरा कुणी हे सोडून दिलं असतं. फिस्क आणि सुब्बाराव मात्र तिथेच अडून बसले.

त्यांना उत्तर मिळालं. स्नायूतलं बरंचसं फॉस्फेट सुटं नसतंच, ते दुसऱ्या कशाला तरी चिकटलेलं असतं. आम्लात ते हळूहळू सुटतं, म्हणून रंग उशिरा येतो. आणि ते ज्याला चिकटलेलं असतं, ते म्हणजे क्रिएटिन.

क्रिएटिन नवं नव्हतं. शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३२ मध्येच ते मांसाच्या अर्कातून वेगळं काढलं होतं. आपलं शरीर ते आर्जिनिन, ग्लायसिन आणि मेथिओनिन या तीन अमिनो आम्लांपासून बनवतं. थोडं मांस-मासळीतूनही मिळतं. शरीरातलं जवळपास ९५ टक्के क्रिएटिन स्नायूंत असतं. इतकं सगळं माहीत असूनही ते तिथे कशासाठी आहे, हे जवळपास शंभर वर्षं कुणालाच सांगता येत नव्हतं.

१९२७ मध्ये फिस्क आणि सुब्बाराव यांनी हे जोडद्रव्य जाहीर केलं. नाव, फॉस्फोक्रिएटिन. त्यांनी दाखवलं, की स्नायू काम करतो तेव्हा फॉस्फोक्रिएटिन कमी होतं आणि स्नायूला आराम मिळाला की ते पुन्हा भरतं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एगल्टन दांपत्यालाही असंच काहीतरी सापडलं होतं. पण ते क्रिएटिन आणि फॉस्फेट यांचं जोडद्रव्य आहे, हे बोस्टनमध्ये उलगडलं.

नोबेल मिळालेला सिद्धांतच हलला

याने काय बिघडलं असं वाटेल, तर बरंच बिघडलं. १९२२ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल स्नायूंवरच्याच कामासाठी आर्किबाल्ड हिल आणि ऑटो मायरहोफ यांना मिळालं होतं. तेव्हाची पक्की समजूत अशी, की साखर फुटून लॅक्टिक आम्ल बनतं आणि तेच स्नायू आकुंचन पावण्यामागचं कारण आहे.

१९३० मध्ये डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी एक प्रयोग केला. स्नायूत लॅक्टिक आम्ल बनणारच नाही असं विष त्यांनी वापरलं. तरीही स्नायू काही वेळ काम करत राहिला, आणि तेवढ्या वेळात संपत गेलं ते फॉस्फोक्रिएटिन. झालं! लॅक्टिक आम्लाचा सिद्धांत मोडीत निघाला. पुढे हिल यांनीही स्नायूंच्या शास्त्रात क्रांती झाल्याचं मान्य केलं.

त्याच्या एक वर्ष आधी, १९२९ मध्ये, फिस्क आणि सुब्बाराव यांनी स्नायूतून आणखी एक द्रव्य वेगळं काढलं होतं. एटीपी. दहावीच्या विज्ञानात पेशीचं ऊर्जाचलन म्हणून आपण शिकतो तेच हे. योगायोग असा, की त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही ते स्वतंत्रपणे शोधलं आणि काही आठवडे आधी छापलं. बहुतेक पुस्तकांत श्रेय लोहमान यांना दिलं जातं.

मग स्नायूत नेमकं होतं काय?

पुढच्या अनेक दशकांत बऱ्याच शास्त्रज्ञांनी हे चित्र पूर्ण केलं. मोबाइलच्या भाषेत सांगायचं तर ते असं आहे.

एटीपी म्हणजे फोनची बॅटरी. तुम्ही वजन उचलायचं ठरवता, मेंदूकडून नसेतून संदेश येतो आणि स्नायूच्या पेशीत साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं. हे कॅल्शियम म्हणजे बटण. ते दाबलं गेलं की मायोसिन नावाचं प्रथिन अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाच्या दोरीला पकडून ओढतं. दर ओढीला एक एटीपी खर्च होतं. हे एटीपी पेशीत बहुतेक वेळा मॅग्नेशियमला चिकटूनच काम करतं. म्हणजे फॉस्फरस, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही तिन्ही खनिजं एका ओढीत हजर असतात.

अडचण अशी, की ही बॅटरी फारच छोटी आहे. जोर लावला तर स्नायूतलं एटीपी दोन-तीन सेकंदांत संपेल. इथे कामाला येते पॉवर बँक, म्हणजे फॉस्फोक्रिएटिन. ते आपलं फॉस्फेट देऊन वापरलेलं एटीपी पुन्हा चार्ज करतं. यातून जेमतेम दहा सेकंदांचा पूर्ण जोर मिळतो. शंभर मीटरची धाव किंवा जड वजनाचे चार-पाच रेप्स याच्यावरच निघतात. तोवर साखर आणि ऑक्सिजनचा मोठा चार्जर सुरू झालेला असतो.

दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं थांब, असं ट्रेनर सांगतो त्याचं एक मोठं कारण हेच. तेवढ्या वेळात पॉवर बँक बरीचशी भरते. आणि क्रिएटिनची पावडर म्हणजे या पॉवर बँकेची क्षमता थोडी वाढवणं. त्यामुळे कमी वेळाच्या, जोराच्या कामात तिचा फायदा दिसतो. मॅरेथॉन पळणाऱ्याला तिचा तेवढा उपयोग नाही. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नये, हे वेगळं सांगायला नको.

एटीपीचं महत्त्व किती? आकसलेला स्नायू सैल पडायलाही एटीपीच लागतं. माणूस गेल्यावर काही तासांत शरीर ताठ होतं, ते एटीपी संपल्यामुळे. मायोसिनने धरलेली दोरी मग सुटतच नाही.

ब्लड रिपोर्टवर आपण जे सीरम क्रिएटिनिन बघतो, ते याच क्रिएटिनचा रोजचा थोडा झिजून बाहेर पडणारा भाग. तो किडनीने नीट गाळला की नाही, यावरून किडनीचा अंदाज घेतात. हार्ट अटॅकच्या संशयात सीपीके नावाची तपासणी वर्षानुवर्षं केली गेली. ती म्हणजे क्रिएटिनला फॉस्फेट जोडणाऱ्या आणि सोडवणाऱ्या एन्झाइमची मोजणी.

हार्वर्डने कायमची खुर्ची दिली नाही

१९३० मध्ये सुब्बाराव यांना पीएचडी मिळाली. एवढं काम नावावर असताना हार्वर्डमध्ये प्राध्यापकी मिळायला हवी होती. ती मिळाली नाही. वर्षामागून वर्षं ते खालच्या पदावरच राहिले. त्यांचं काही काम छापलंच गेलं नाही, आणि पुढे इतरांना ते नव्याने शोधावं लागलं. १९८८ चं नोबेल मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज यांनी नंतर ही खंत बोलून दाखवली होती.

१९४० मध्ये त्यांनी हार्वर्ड सोडलं आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर इथे लेडर्ली या औषध कंपनीत गेले. पुढे ते तिथले संशोधन संचालक झाले. आता हाताखाली मोठी टीम होती, पैसा होता आणि आयुष्याची फक्त आठ वर्षं उरली होती.

या आठ वर्षांत जे झालं ते बघा.

पहिलं काम, भावांचं

इथे कथेत मुंबई येते. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या होत्या. गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका विचित्र रक्तक्षयावर त्यांनी काम केलं. यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने या बायका बऱ्या होतात, हे त्यांनी दाखवलं. त्यात असं काय आहे, हे तेव्हा कळलं नव्हतं.

ते होतं फॉलिक अ‍ॅसिड. १९४० च्या दशकाच्या मध्यात सुब्बाराव यांच्या टीमने त्याची रचना शोधली आणि ते कारखान्यात तयार करून दाखवलं. आज गरोदर बाईला डॉक्टर जी पहिली गोळी लिहून देतात, ती हीच.

आणि फॉलिक अ‍ॅसिड आणखी एका आजारात गुणकारी ठरलं. ट्रॉपिकल स्प्रू. ज्या आजाराने दोन्ही भाऊ हिरावून नेले होते, त्याचं औषध सुब्बारावांच्याच प्रयोगशाळेतून बाहेर पडलं. भाऊ जाऊन तेव्हा वीसहून जास्त वर्षं झाली होती.

मग आली तीन मोठी औषधं

बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांना ल्युकेमिया झालेल्या मुलांमध्ये एक गोष्ट दिसली. फॉलिक अ‍ॅसिडसारखी द्रव्यं दिली की आजार उलट भडकतोय असं वाटत होतं. मग उलटा विचार पुढे आला. फॉलिक अ‍ॅसिडसारखं दिसणारं पण पेशीला फसवणारं द्रव्य दिलं तर? सुब्बाराव यांच्या टीमने अशी द्रव्यं बनवून फार्बर यांना पाठवली. त्यातलं एक अमिनोप्टेरिन. १९४८ मध्ये फार्बर यांनी अहवाल दिला, की अत्यंत आजारी अशा १६ मुलांपैकी १० जणांमध्ये आजार काही काळ मागे हटला. ल्युकेमियाच्या मुलांमध्ये औषधाने असा उतार पहिल्यांदाच दिसला होता. त्याच कुटुंबातलं मेथोट्रेक्सेट आजही काही कॅन्सरवर आणि संधिवातावर वापरलं जातं.

दुसरं औषध ऑरिओमायसिन. टेट्रासायक्लिन गटातलं हे पहिलं अँटिबायोटिक. सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डगर यांनी ते मातीतल्या जिवाणूपासून मिळवलं. विद्यापीठातून निवृत्त झालेल्या या माणसाला लेडर्लीत काम मिळालं होतं आणि ज्या संशोधनात हे घडलं त्याची सूत्रं सुब्बारावांकडे होती.

तिसरं हेट्राझान, म्हणजेच डीईसी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागातल्या वाचकांना ही गोळी नवी नाही. हत्तीरोगाच्या मोहिमेत आरोग्य कर्मचारी घरोघरी येतात आणि समोर उभं राहून जी गोळी खायला लावतात, ती हीच.

ते परत आलेच नाहीत

ऑगस्ट १९४८ मध्ये पर्ल रिव्हरच्या घरात झोपेतच सुब्बाराव यांचं निधन झालं. कारण, हृदयविकार. ज्या माणसाने स्नायूंची ताकद कुठून येते हे शोधायला मदत केली, त्याच्या हृदयाच्या स्नायूने ५३ व्या वर्षी साथ सोडली. जवळपास पाव शतक अमेरिकेत राहूनही ते अमेरिकेचे नागरिक झाले नव्हते. भारत स्वतंत्र होऊन वर्ष होत आलं होतं, पण तो देश त्यांना बघता आला नाही. शेषगिरी इकडे वाट बघत राहिल्या.

मागे उरलं काय? एका बुरशीच्या प्रजातीला त्यांच्यावरून सुब्बारोमायसिस हे नाव मिळालं. १९९५ मध्ये जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. नोबेल मिळालं नाही.

सुब्बाराव स्वतःच्या नावासाठी फारसं भांडलेले दिसत नाहीत. औषधांची घोषणा व्हायची तेव्हा टीममधल्या इतरांना पुढे करणं त्यांना जास्त आवडायचं. त्यामुळे त्यांची औषधं घराघरांत गेली आणि नाव मागे राहिलं. उद्या घरात कुणाच्या हातात फॉलिक अ‍ॅसिडची पट्टी दिसली किंवा डीईसीची गोळी घेऊन आशाताई दारात आल्या, तर भीमवरमच्या या डॉक्टरचं नाव तेवढं त्यांना सांगा.